कुकरची रिंग आणि बुडालेली तोफ

विष्णुपुरीच्या गढूळ जलाशयात किल्ली पडली तर कशी शोधाल? त्यासाठी पाण्याखाली चालणारा मेटल डिटेक्टर असतो. त्याच्या तबकडीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळ धातू आला की त्यातही वीज खेळते, आणि यंत्र आवाज करतं!

गोव्याजवळच्या सुंची रीफ या खडकाशी सतराव्या शतकात एक पोर्तुगीज जहाज बुडालं. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तिथे तोफा आणि हस्तिदंत मिळाले. अशा वाळूत दडलेला धातू शोधायला हे यंत्र फार उपयोगी.

पण समुद्रात यंत्र टिकवणं सोपं नाही हं! १० मीटर खोलीवर पाणी दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १ किलो जादा दाब देतं. ते आत शिरू नये म्हणून बॅटरीच्या झाकणाला रबरी रिंग असते, अगदी आपल्या कुकरसारखी. तिच्याखाली एक केस किंवा वाळूचा कण अडकला, तरी पाणी आत शिरतं आणि यंत्र कायमचं मुकं होतं.

म्हणून हे करायचं :

१) वर आल्यावर यंत्र गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं. मीठ वाळलं की त्याचे खडे रिंगेला ओरखडे पाडतात.

२) यंत्र पूर्ण कोरडं झाल्यावरच झाकण उघडायचं.

३) रिंग पुसून तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यायचा. चिरली असेल तर बदलायची.

४) ठेवून देताना बॅटरी काढायची, उन्हात ठेवायचं नाही.

आज आईला विचारून घरातल्या कुकरची रिंग बघा बरं. चिरली तर नाही ना?