सहा अंशांचा हिशेब

१७ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री पुण्यावर पाऊस अक्षरशः कोसळला. शिवाजीनगरच्या वेधशाळेत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला आणि बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या मंदिरात पाणी शिरलं. ते व्हिडिओ रातोरात घरोघरी पोचले. विजेच्या तारांवर ज्यांचं पोट आहे त्यांनी ते वेगळ्या नजरेनं पाहिले. पाणी मंदिरात आलं, म्हणजे आसपासच्या फिडर पिलरमध्ये ते कुठवर चढलं असेल, हा त्यांचा पहिला प्रश्न.

फिडर पिलर म्हणजे फुटपाथच्या कडेची लोखंडी पेटी. ट्रान्सफॉर्मरकडून आलेली जाड केबल तिच्यात शिरते आणि तिथून फाटे फुटून वीज घरोघरी, दुकानोदुकानी जाते. पेठेत या पेट्यांवर क्लासच्या जाहिराती चिकटलेल्या असतात, समोर दुचाक्या लावलेल्या असतात. शहराच्या वीजयंत्रणेची हवामानबदलाशी जी झुंज चालली आहे तिचा बराचसा भाग या पेटीची उंची किती, एवढ्या प्रश्नाशी येऊन ठेपतो.

पुण्यात महावितरणचा देखभालीचा वार म्हणजे गुरुवार. मे महिन्यातल्या अशाच एका गुरुवारी सकाळी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या जवळ काम सुरू झालं. ही गल्ली म्हणजे विजेच्या सामानाचा मोठा बाजार. एमसीबी, पंखे, कूलर, वायरची बंडलं. आसपासचे जुने वाडे पडून तिथं पाच-सहा मजली इमारती उभ्या राहत आहेत आणि त्यांना लागणारं सामान इथूनच जातं. या दुकानांतून जो भार बाहेर पडतो तो पेलण्याचं काम दारातल्याच पेटीला करावं लागतं.

पन्नाशी ओलांडलेला एक वायरमन पेटीसमोर उकिडवा बसला होता. कागदोपत्री तो ‘जनमित्र’, गल्लीत ‘काका’. परमिट घेतलं, लाईन बंद असल्याची टेस्टरनं खात्री केली, अर्थिंग केलं. मग झाकण उघडण्याआधी त्यानं फटीला नाक लावलं.

“आधी वास घ्यायचा,” बरोबरच्या नव्या पोराला तो म्हणाला. “डोळ्याला दिसायच्या आधी नाकाला कळतं.”

तारेचं टोक जिथं बोल्टला जोडतात ती लग ढिली झाली की तिथं उष्णता साठते. आधाराचं बेकेलाइट तापतं आणि त्याला कुजक्या मासळीसारखा वास सुटतो. हा वास आला की महिन्या-दोन महिन्यांत तिथं जाळ होणार, असं वायरमन मंडळी धरून चालतात. त्या दिवशी एका फेजवर तसा वास आला. काकांनी लग काढली, कानशीनं घासली, नवी बसवली, पाना फिरवून घट्ट केली. शेजारच्या दुकानातून हाक आली, “काका, लाईट कधी येणार?” मान न वळवता त्यांनी उत्तर दिलं, “दुपारपर्यंत, भाऊ.”

पेटीच्या आतल्या पत्र्यावर जमिनीपासून वीतभर उंचीवर मातकट रंगाची एक आडवी रेघ होती. कुठल्याशा पावसात पाणी तिथवर आलं होतं आणि ओसरताना गाळ सोडून गेलं होतं. काकांनी तिच्यावर बोट ठेवलं, मग वरच्या तांब्याच्या पट्टीवर ठेवलं. दोहोंमधलं अंतर त्यांच्या पसरलेल्या पंजाएवढं भरलं. तेवढं अंतर मिटलं तर ही पेटी बंद पडते, आणि लोखंडी पेटीत व आजूबाजूच्या पाण्यात वीज उतरली तर माणूस मरतो.

हे अंतर दोन्ही बाजूंनी कमी होतं आहे. पाऊस थोड्या वेळात जास्त पडतो, म्हणून पाणी वर येतं. आणि दर डांबरीकरणात रस्ता वर येतो, म्हणून पेटीचा जुना ओटा खाली जातो. ओटा बांधणारे एका कार्यालयात बसतात, रस्ता करणारे दुसऱ्या. पावसाला ही विभागणी ठाऊक नसते.

पेटीपासून थोड्या अंतरावर, दोन इमारतींच्या बोळात, जाळीच्या कुंपणाआड ट्रान्सफॉर्मर होता. तिथं कामावर देखरेख करायला तरुण अभियंता मॅडम आल्या होत्या. त्यांनी आधी काचेच्या बरणीसारख्या श्वसनिकेकडे पाहिलं. तापल्यावर ट्रान्सफॉर्मरमधलं तेल फुगतं, निवल्यावर आकसतं आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ती हवा कोरडी व्हावी म्हणून वाटेत सिलिका जेलचे दाणे ठेवतात. कोरडे असताना निळे, दमट झाले की गुलाबी. इथले दाणे तळाशी गुलाबी झाले होते. ते बदलले गेले.

मग मॅडमनी एक आकडा सांगितला, आणि त्या दिवसाचं बाकीचं सगळं काम त्या आकड्याभोवती फिरत राहिलं. ट्रान्सफॉर्मरच्या आत तांब्याच्या वेटोळ्यांवर कागद गुंडाळलेला असतो. आतल्या सर्वांत तापलेल्या जागी ९८ अंश सेल्सिअसपर्यंत हा कागद ठरलेलं आयुष्य जगतो. त्यापुढे दर सहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होत जातं.

सहा अंश. २८ एप्रिल २०१९ ला पुण्यात पारा ४३ अंशांच्या घरात गेला होता. वैशाखात पुण्यात ३७-३८ अंशांची सवय धरली, तर फरक तेवढाच भरतो. बाहेरची हवा जितकी तापते, जवळपास तितकंच आतलं तेल आणि वेटोळंही तापतं, भार तोच असला तरी. आणि भार तोच राहत नाही. उकाड्यात एसी चालतात, आणि पेठेच्या अरुंद बोळात एसीनं घराबाहेर फेकलेली गरम हवा बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरच्याच अंगावर येते. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर पोचली, तेव्हाचा सर्वोच्च आकडा. त्या आकड्याचा एक कण या बोळातून गेला होता.

काकांना सहा अंशांचा नियम पुस्तकातून ठाऊक नाही. त्यांचं निरीक्षण रात्रीचं आहे. पूर्वी मे महिन्यातही पुण्यात पहाटे गारवा असायचा, ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला हात लावला तर ती निवलेली असायची. आता पहाटेसुद्धा ती कोमट लागते, असं ते सांगतात. मॅडमनी मान डोलावली. दिवसभर तापलेला ट्रान्सफॉर्मर रात्री निवतो, हे सगळ्या आखणीत गृहीत धरलेलं असतं. शहरातल्या काँक्रिटनं आणि वाढत्या तापमानानं ते गृहीतकच हलवलं आहे.

वेळापत्रकही हललं आहे. महावितरणचं वर्ष ‘मान्सूनपूर्व कामे’ या शब्दांभोवती बांधलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये फांद्या छाटायच्या, सैल पडलेल्या तारा ओढायच्या, तेल तपासायचं, पेट्यांची दारं बदलायची. पुण्यात पाऊस साधारण १० जूनला येतो, असं धरून ही यादी बनते. २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबई-पुण्यात दाखल झाला. कामाचे पंधरा दिवस एका झटक्यात गेले. दुसऱ्या टोकाला, २०२२ साली दसरा-कोजागरी उलटून गेल्यावर ऑक्टोबरात पेठ पाण्यात गेली. मान्सूनपूर्व आणि मान्सूननंतर यांमधली भिंतच ढासळत असेल तर ही कामं वर्षभराची मानावी लागतील आणि तेवढी माणसंही वर्षभर ठेवावी लागतील.

अशा वेळी एक उपाय हमखास सुचवला जातो: सगळ्या तारा जमिनीखाली घाला. किनाऱ्यावर तो रास्तच आहे. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा विजेचे खांब गावोगाव आडवे झाले आणि राज्याच्या इतर भागांतून वीज कर्मचाऱ्यांना कोकणात जावं लागलं. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून अलिबाग, रत्नागिरी इथं भूमिगत केबलची कामं हाती घेतली गेली, ती याच कारणानं. वारा जमिनीखाली पोचत नाही.

बुधवार पेठेत पाणी मात्र पोचतं. इथं बहुतेक केबल आधीच जमिनीत आहेत. त्याच जमिनीत नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याच्या नळाचे अवशेष आहेत, ड्रेनेज आहे, चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या नव्या जलवाहिन्या आहेत, फोनच्या केबल आहेत, आणि या सगळ्याच्या खूप खाली मेट्रोचा बोगदा. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट या भुयारी टप्प्याचं उद्घाटन २६ सप्टेंबर २०२४ ला व्हायचं होतं. आदल्या दिवशीच्या मुसळधार पावसामुळे तो कार्यक्रम रद्द झाला आणि २९ तारखेला दूरस्थ पद्धतीनं उरकावा लागला.

भूमिगत केबलची दुखरी जागा म्हणजे जॉइंट. कुठल्याशा खोदाईत केबलला कुदळ लागते, तिथं जोड मारला जातो. जोडाच्या बाहीतून ओल आत शिरली की पुढच्या एखाद्या पावसात केबल पंक्चर होते. खांबावरची तुटलेली तार डोळ्यांना दिसते. जमिनीतला फॉल्ट शोधावा लागतो. त्यासाठी गाडी येते, केबलमध्ये उच्च दाबाचे झटके सोडले जातात, आणि फॉल्टच्या जागी जमिनीखाली ‘धप्’ असा आवाज होतो. रात्री वाहतूक थांबल्यावर माणसं रस्त्याला कान लावून तो आवाज ऐकतात. मग खणायचं, पाणी उपसायचं, चिखलात बसून केबलचे थर सोलायचे, नवा जोड ज्योतीवर शेकायचा. भूमिगत केबलचा बिघाड काढायला वीज नियामक आयोगानंच खांबावरच्या तारेपेक्षा जास्त तास दिले आहेत, ते याचसाठी.

म्हणजे केबल जमिनीत घालणं पुरेसं नाही. पेठेत पेट्यांचे ओटे उंच हवेत, जोड कमी हवेत, आणि खोदणाऱ्याला केबल नेमकी कुठून गेली आहे ते नकाशावर दिसायला हवं. ही कामं बिनचेहऱ्याची आहेत. त्यांचं उद्घाटन होत नाही. म्हणूनच त्यांच्यासाठी वेगळे पैसे ठेवावे लागतात आणि ते खर्च झाले का, हे उघडपणे सांगावं लागतं. ब्रिटनमध्ये २००८ च्या हवामान कायद्यानुसार वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या कंपन्यांकडून तापमान, पूर, वादळ यांसाठी काय तयारी केली याचे अहवाल मागवले जातात. तरीही डिसेंबर २०१५ मध्ये ‘डेस्मंड’ वादळात लँकेस्टरचं उपकेंद्र बुडालं आणि हजारो घरं अंधारात गेली. अहवालानं पूर थांबत नाही. पण कुठली पेटी किती उंच हवी होती आणि ती का झाली नाही, हा प्रश्न विचारायला त्यातून आधार मिळतो. आपल्याकडे २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये महाड-चिपळूण पाण्यात गेलं, उपकेंद्रं बुडाली, आणि दोन्ही वेळा पुरवठा किती लवकर पूर्ववत झाला याचंच कौतुक जास्त झालं. ते कौतुक वाजवी आहे. पाण्यात उतरून काम करणाऱ्यांनी ते कमावलं आहे. पुढच्या वेळी त्यांना पाण्यात उतरावंच लागू नये, याची बेरीज मात्र कुठे मांडलेली दिसत नाही.

दुपारी बोळात वारा बंद झाला. काकांच्या डोक्यावर हेल्मेट, हातात रबरी मोजे. मोजे काढले की मनगटावरून घाम ओघळत होता. ट्रान्सफॉर्मरच्या तब्येतीसाठी सहा अंशांचा नियम आहे. या माणसासाठी तसा कुठला नियम बोळात लावलेला नव्हता. सावलीत पाण्याचा एक जार होता, तोही समोरच्या दुकानदारानं दिलेला. त्यांच्या बरोबरीनं काम करणाऱ्या कंत्राटी पोरांना पगारी रजा किती, विमा किती, हा हिशेबही वीजयंत्रणेच्या तयारीचाच भाग आहे. यंत्र सांभाळणारा उन्हानं आडवा झाला तर यंत्र सांभाळणार कोण?

२५ जुलै २०२४ च्या पहाटे मुठेला पूर आला असताना डेक्कनजवळ पुलाची वाडी इथं हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. बुधवार पेठेपासून ती जागा नदीपलीकडे, चालत जाण्याच्या अंतरावर. भाद्रपदात पेठेत गणपतीचे मंडप उभे राहतात, रोषणाईच्या माळा पेट्यांच्या जवळून जातात आणि तेव्हाही पाऊस असतोच. मंडळांनी अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यावी, असं महावितरण दरवर्षी सांगतं. ते कानाआड करणं आता परवडणारं नाही.

वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. पहिली आजची: पावसात पेटी, खांब किंवा ट्रान्सफॉर्मरभोवती पाणी साचलं असेल तर तिथून जाऊ नका, मुलांना जाऊ देऊ नका आणि महावितरणला १९१२ वर कळवा. दुसरी थोड्या चिकाटीची आहे. वीजदराचा प्रस्ताव आला की राज्य वीज नियामक आयोग नागरिकांकडून सूचना-हरकती मागवतो. पुण्यातल्या ‘प्रयास’सारख्या संस्था तिथं वर्षानुवर्षं अभ्यास करून बोलत आल्या आहेत. युनिटमागे किती पैसे वाढले हे आपण सगळेच विचारतो. या वेळी आणखी तीन प्रश्न लेखी विचारा: आमच्या पेठेतल्या किती पेट्या पूररेषेच्या वर उचलल्या, उन्हाळ्यातल्या भारासाठी किती ट्रान्सफॉर्मरची क्षमता वाढवली, आणि वायरमनच्या किती जागा भरल्या. हरकत साध्या मराठीत लिहिली तरी चालते.