क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके

क्यूआर कोडयुक्त पाठ्यपुस्तके म्हणजे ज्यांच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड छापलेला असतो आणि तो मोबाईलच्या कॅमेऱ्याने टिपताच त्या पाठाशी संबंधित ध्वनिफीत, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडतो, अशी पुस्तके होत. महाराष्ट्रात ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी (ता. माढा) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी आपल्या वर्गात राबवली. पुढे ती राज्याच्या व देशाच्या पाठ्यपुस्तकांत स्वीकारली गेली.

कारखान्यातील उगम

क्यूआर कोडचा जन्म शाळेसाठी झालेला नाही. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये तो विकसित केला. साध्या बारकोडमध्ये फारच थोडी माहिती मावत असे. त्यामुळे एकाच खोक्यावरील अनेक बारकोड कामगाराला एकामागून एक वाचावे लागत. हारा यांना ‘गो’ या बैठ्या खेळाच्या पटावरून माहिती आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांनी साठवण्याची कल्पना सुचली. कोडच्या तीन कोपऱ्यांतील चौकोनांमुळे यंत्राला कोडची जागा व दिशा चटकन कळते. या चौकोनांतून आडवी रेघ नेली असता काळ्या-पांढऱ्या भागांचे प्रमाण १:१:३:१:१ असे येते. छापील मजकुरात सहसा न आढळणारे प्रमाण म्हणून ते निवडले गेले.

पेटंट असूनही कंपनीने प्रमाणित कोडच्या वापरावर शुल्क आकारले नाही. तसे झाले नसते, तर एखाद्या प्राथमिक शिक्षकाने तो वहीच्या कागदावर छापून पुस्तकात चिकटवण्याचा प्रश्नच उद्भवला नसता. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील वाहन उद्योगाला सुट्या भागांवरील सांकेतिक लेबले नवी नाहीत. खोक्यावर दिसणारा तोच चौकोन या पट्ट्यातील कामगारांच्या मुलांना पाठ्यपुस्तकातही भेटतो.

परितेवाडीतील प्रयोग

डिसले २००९ मध्ये परितेवाडीच्या शाळेत रुजू झाले. त्यापूर्वी अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून ते अध्यापनाकडे वळले होते. त्यांनी पहिली ते चौथीच्या पुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि त्यांमागे कवितांचे ध्वनिमुद्रण, पाठांच्या चित्रफिती, गोष्टी व गृहपाठ ठेवले. एरवी शिक्षकाच्या आवाजातील कविता तास संपला की संपते. कोडमुळे ती मुलाला घरी हवी तितक्या वेळा ऐकता येऊ लागली.

या प्रयोगात तंत्रज्ञानाचा भाग तुलनेने सोपा होता. ध्वनिमुद्रण करायचे, ते महाजालावर चढवायचे, त्याच्या दुव्याचा कोड तयार करून छापायचा, एवढे कौशल्य थोड्या सरावाने येते. कोणत्या पानावर मूल अडते आणि तिथे त्याला गोष्ट हवी, आवाज हवा की एखादा प्रश्न, हे ठरवण्यासाठी मात्र वर्ग ओळखीचा असावा लागतो.

वार्के फाउंडेशनचे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हे १० लाख डॉलरचे पारितोषिक ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना जाहीर झाले. त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

राज्यव्यापी वापर

सोलापूर जिल्ह्यातील प्रायोगिक वापरानंतर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड देण्याचे जाहीर केले. २०१८ मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तशीच घोषणा झाली. बालभारतीच्या नव्या पुस्तकांत पहिल्या पानावरील कोडमधून डिजिटल पुस्तक, तर पाठांतील कोडमधून त्या त्या पाठाचे दृक्-श्राव्य साहित्य मिळते. हे साहित्य २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावर असते. कोडखाली सहा अक्षरी संकेत छापलेला असल्यामुळे कॅमेरा चालत नसला, तरी तो टंकून साहित्य उघडता येते.

या विस्तारात शिक्षकाची भूमिका बदलली. परितेवाडीत कोडमागील साहित्य शिक्षकाने स्वतः घडवले होते. राज्याच्या पुस्तकात ते मध्यवर्ती व्यवस्थेने निवडलेले असते आणि शिक्षक बहुधा ते केवळ दाखवतो. सर्व शाळांना समान साहित्य मिळाले हा लाभ मोठाच आहे, परंतु एका वर्गासाठी घडवलेल्या साहित्याची जागा ते भरून काढत नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण भागांतील शाळांत मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार अशा ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांची मुले एकत्र बसतात. एकाच चित्राला घरोघरी काय म्हणतात हे मुलांच्याच आवाजात मुद्रित करून त्या चित्राशेजारी कोड लावणे, हे काम त्या वर्गाचा शिक्षकच करू शकतो.

कोड तयार करताना

दुवा जितका लांब, तितक्या कोडमधील चौकटी अधिक व बारीक होतात. सर्वांत लहान कोड २१×२१, तर सर्वांत मोठा १७७×१७७ चौकटींचा असतो. साध्या मोबाईलला दाट कोड वाचणे जड जाते, म्हणून दुवा आखूड ठेवणे श्रेयस्कर. दोषदुरुस्तीच्या चार पातळ्या असून सर्वोच्च पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. मुलांच्या हाती वर्षभर राहणाऱ्या पुस्तकासाठी हीच पातळी उपयोगी. कोडभोवती चार चौकटींएवढी कोरी जागा न सोडल्यास मात्र नवा कोरा कोडही वाचला जाईलच असे नाही. भिंतीवरील तक्त्यासाठी कोडची रुंदी वाचनाच्या अंतराच्या साधारण एक-दशांश ठेवतात, म्हणजे एक मीटरवरून टिपायचा कोड सुमारे १० सेंटिमीटर रुंद.

मर्यादा

घरातील एकुलता मोबाईल पालकाबरोबर कामावर गेला, तर तो परत येईपर्यंत कोड हे केवळ चित्र असते. पाळीने चालणाऱ्या कारखान्यांच्या परिसरात ही अडचण विशेष जाणवते. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाईलवरील शिक्षणाची ही उणीव उघड झाली. त्याच वर्षी सह्याद्री वाहिनीवर बालभारतीच्या पुस्तकांवर आधारित ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवण्यात आली, कारण दूरदर्शनला महाजालाची जोडणी लागत नव्हती.

दुसरी मर्यादा कोडच्या आयुष्याची आहे. शिक्षकाने स्वतः तयार केलेल्या साध्या कोडमध्ये दुवाच कोरलेला असतो. मूळ फाईल हटवली किंवा संकेतस्थळ बंद पडले, की छापील कोड निकामी होतो. मंचावर आधारित कोडमागील साहित्य पुस्तक न बदलता बदलता येते, पण तो अधिकार मंचाच्या चालकांकडे असतो. म्हणून शिक्षकाने आपल्या ध्वनिफिती व चित्रफितींची मूळ प्रत शाळेच्या संगणकावर किंवा मेमरी कार्डवरही जपून ठेवणे इष्ट. बदली झालेल्या शिक्षकाच्या खासगी खात्यातील फाईल पुढच्या शिक्षकाला उघडता येतेच असे नाही.