लहान मुलांसाठी क्रीडास्थाने : निवड आणि निगा

बालकाचे शिक्षण पाटीपेन्सिलीपासून सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते कितीतरी आधी अंगणातील मातीत, ओसरीच्या पायऱ्यांवर आणि ओढ्याकाठच्या वाळूत सुरू झालेले असते. धावता धावता तोल सावरणे, चिंचोके मोजून वाटून घेणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हरल्यावर पुन्हा डाव मांडणे, हे धडे मूल शाळेचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीच गिरवू लागते. म्हणून तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळावयास योग्य जागा मिळवून देणे हे शाळेच्या मुख्य कार्याचेच एक अंग होय. अशी जागा कोठे शोधावी, कशी पारखावी आणि मिळाल्यावर कशी राखावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पूर्वपरंपरा

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल ह्यांनी 1837 साली ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली व 1840 मध्ये तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. शाळेच्या नावातच बाग यावी, ह्यात त्यांची दृष्टी स्पष्ट दिसते. आपल्या राज्यात ताराबाई मोडक ह्यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, ह्या विचारातून तेथे अंगणवाडी आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरू लागली. ह्या प्रयोगांत इमारत दुय्यम होती. मुले जेथे आहेत तेथील मोकळी जागा, झाडाची सावली आणि परिसरात मिळणारे दगड, शंख, पाने, बिया हेच साहित्य मानले गेले.

परदेशातील एक उदाहरणही येथे उपयोगी पडेल. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून, नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम नगरपालिकेने वास्तुशिल्पी आल्डो व्हान आइक ह्यांच्याकडून शहराच्या कानाकोपऱ्यांतील रिकाम्या जागांवर लहान लहान क्रीडास्थाने करवून घेतली. वाळूचा एक हौद, उड्या मारीत जाण्याजोगे काही गोल ठोकळे, लोंबकळण्यासाठी लोखंडी कमानी, एवढाच तेथील सरंजाम असे. पुढील तीस वर्षांत अशी शेकडो स्थाने त्या शहरात झाली. एक मोठे मैदान दूरवर असण्यापेक्षा अनेक लहान जागा घराजवळ असणे बालकांना अधिक उपकारक ठरते, हे तत्त्व आपल्या वाड्यावस्त्यांनाही लागू पडते.

गरज किती व कशाची

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन व चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल हवी आणि त्यांपैकी निदान 60 मिनिटे ती धाप लागेल अशा जोमाची असावी. पाच वर्षांपुढील मुलांसाठी जोमदार हालचालीचे हे प्रमाण दररोज सरासरी 60 मिनिटे सांगितले आहे. वर्गखोलीच्या चार भिंतींत हे साधणे अवघड आहे.

उघड्यावरील प्रकाशाचा लाभ डोळ्यांनाही होतो. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही शाळांतील मुलांना रोज 40 मिनिटे अधिक वेळ वर्गाबाहेर नेण्यात आले. तीन वर्षांअखेर ह्या मुलांपैकी सुमारे 30 टक्के मुलांना, तर इतर शाळांतील सुमारे 40 टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टीचा दोष नव्याने जडलेला आढळला. भ्रमणध्वनी आता झोपडीपर्यंत पोहोचला असल्याने ह्या गोष्टीचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

कायदाही ह्याच बाजूचा आहे. बालकांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याच्या एकतिसाव्या कलमात खेळाचा हक्क मान्य केलेला असून भारताने हा करारनामा 1992 मध्ये स्वीकारला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, 2009 ह्याच्या अनुसूचीत शाळेसाठी क्रीडांगण व खेळसाहित्य ह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा क्रीडांगण मागणे म्हणजे शाळेने कोणाचा अनुग्रह मागणे नव्हे.

जागा कोठे शोधावी

जागेचा शोध घेताना शिक्षकाने प्रथम नकाशा अथवा सात-बारा उघडू नये. दोन-तीन दिवस सायंकाळी वस्तीतून फेरी मारावी व मुले आजच कोठे खेळत आहेत ते पाहावे. मुलांची निवड सहसा निष्कारण नसते. देवळाचा सभामंडप, वडाचा पार, समाजमंदिराचे पटांगण, सुगीनंतर मोकळे पडलेले खळे, दोन घरांमधील रुंद बोळ, ह्यांपैकी कोठे तरी त्यांचा अड्डा असतो. तेथे सावली असते, जवळ एखादी आजी दाराशी बसलेली असते, अथवा चढण्याजोगे काही असते. हे कारण ओळखले म्हणजे त्याच जागेत थोडी सुधारणा करावी की तेच गुण असलेली दुसरी जागा शोधावी, हे ठरविता येते. खाजगी खळे अथवा पटांगण असल्यास मालकाची संमती अवश्य घ्यावी.

अंतर ही पहिली कसोटी होय. सहा वर्षांच्या आतील मूल एकटे दूर जाऊ शकत नाही व जाऊही नये. म्हणून त्याची जागा घरातून मारलेली हाक ऐकू जाईल इतकी जवळ असावी आणि वाटेत मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. गावाबाहेरचे विस्तीर्ण मैदान मोठ्या मुलांना कितीही सोयीचे असले, तरी ह्या वयाच्या मुलांना ते नसल्यासारखेच आहे.

जोखीम आणि धोका

जागा पारखताना जोखीम व धोका ह्यांत भेद केला पाहिजे. मुलाला जे दिसते, ज्याचा अंदाज त्याला घेता येतो व चुकल्यास फार तर गुडघा खरचटतो, ती जोखीम. वडाच्या पारंबीला लोंबकळणे, बांधावरून उडी मारणे, खडकावर चढणे ह्यांतून मुलाची हिंमत व अदमास दोन्ही वाढतात. ही जोखीम काढून टाकली तर खेळाचा प्राणच जातो. ज्याची कल्पना मुलाला येऊच शकत नाही, तो मात्र धोका. वरून हिरवी दिसणारी पण आतून कुजलेली फांदी हे त्याचे साधे उदाहरण. जोखीम राखावी व धोका दूर करावा, हा नियम शिक्षकाने मनाशी बांधावा.

आपल्या खेड्यांत सर्वांत मोठा धोका पाण्याचा आहे. कठडा नसलेली विहीर, पावसाळ्यात भरलेली दगडाची खाण, वाळूउपशाने नदीपात्रात पडलेले डोह आणि अलीकडच्या काळात जागोजाग झालेली शेततळी, ह्यांपैकी काहीही जवळ असल्यास ती जागा लहान मुलांसाठी घेऊ नये. शेततळ्याच्या उतारावर प्लास्टिकचे गुळगुळीत आच्छादन असते. त्यावरून पाय घसरलेल्या मुलास, आणि पुष्कळदा त्यास वाचवू पाहणाऱ्या मोठ्यासही, वर येता येत नाही. जवळपास दुसरी जागाच नसेल, तर तळ्यास कुंपण व कुलूप असल्याशिवाय आणि कोणी मोठे माणूस हजर असल्याशिवाय तेथे खेळ होऊ देऊ नये.

विजेचे उघडे रोहित्र, लोंबणाऱ्या तारा, ढासळू लागलेली मातीची भिंत, उभा केलेला ट्रॅक्टर, ह्यांकडेही लक्ष द्यावे. दगडांचे ढीग व वाढलेले गवत म्हणजे विंचूकाट्याला व सापाला आमंत्रण होय. पावसाळ्यात तर ह्याबाबत विशेष दक्षता हवी. कण्हेर, धोतरा आणि एरंडाच्या बिया विषारी असतात. भातुकलीच्या खेळात पानाफुलांचा स्वयंपाक होत असल्याने ही झाडे क्रीडास्थानी नसावीत. खाजकुयलीचे वेल व गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच काढवावे. गाजरगवत मुलांकडून उपटवून घेऊ नये, कारण त्याने अंगास खाज व काहींना दमा होतो.

भूमी, छाया आणि साधने

पटांगणाला सिमेंटचे ठोकळे बसवून ते ‘सुशोभित’ करण्याची प्रथा आता बरीच रूढ झाली आहे. परिपाठाला अशी जागा सोयीची असेल, परंतु पडत्या मुलाला ती कठोर असते. निदान झोपाळा व घसरगुंडी ह्यांच्याखाली फरशी अथवा सिमेंट असू नये. तेथे सुमारे 30 सेंटिमीटर खोल मऊ वाळू असावी आणि ती साधनाच्या चोहोबाजूंस सुमारे 1.8 मीटर, म्हणजे सहा फूट, पसरलेली असावी. झोपाळ्याच्या पुढे व मागे ती ह्याहूनही लांबवर हवी. वाळू पायांनी दबून टणक होते, म्हणून ती आठवड्यातून एकदा उकरावी व कुत्र्यामांजरांची घाण काढून टाकावी. कठड्याच्या गजांमधील फट सुमारे 9 सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा 23 सेंटिमीटरपेक्षा जास्त असावी. मधल्या मापाच्या फटीतून मुलाचे अंग जाते पण डोके अडकते.

लोखंडी घसरगुंडी उन्हात इतकी तापते की मुलाच्या कातडीस भाजते. ती झाडाच्या छायेत बसवावी. वड, कडुनिंब, करंज ह्यांची छाया दाट असते. झाड नसल्यास ते लावण्याचे काम पहिल्याच पावसाळ्यात करावे. चैत्र-वैशाखात खेळ सकाळीच उरकावा व पिण्याचे पाणी हाताशी ठेवावे. पावसाळ्यात ओसरीवर अथवा व्हरांड्यात सागरगोटे, ठिकरी, आंधळी कोशिंबीर हे खेळ चालू ठेवता येतात.

पैसा नाही म्हणून क्रीडास्थान नाही, ही सबब टिकणारी नाही. मातीचा एक उंचवटा, वाळूचा खड्डा, अर्धे पुरलेले जुने टायर, जमिनीलगत आडवा टाकलेला ओंडका आणि काही मडकी, करवंट्या, बांबूचे तुकडे एवढ्यावर लहान मुले तासन् तास रमतात. जी वस्तू हलविता, रचता व मोडता येते, ती मुलाला अधिक काळ गुंतवून ठेवते.

जागा कोणाची

क्रीडास्थान झाले तरी ते सर्वांना मिळते असे नाही. सायंकाळी पटांगणावर मोठ्या मुलांचा चेंडूफळीचा डाव मांडला गेला की लहानग्यांना कडेला उभे राहावे लागते. मुलींना घरकाम असते व धाकटे भावंड कडेवर असते. ह्यासाठी जागेचा एक कोपरा, सावलीचा व रस्त्यापासून आतला, लहान मुलांसाठी कायमचा राखून ठेवावा. त्यावर चेंडू येणार नाही असे अंतर अथवा आड असावा. लंगडी, लगोरी, खो-खो ह्यांसाठी मुलींच्या गटाची वेळ ठरवावी. कडेवरच्या भावंडाला सतरंजी व सावली मिळाली, तर ताईलाही खेळता येते. दिव्यांग मुलासाठी फाटकापासून वाळूच्या खड्ड्यापर्यंत सपाट व घट्ट वाट करणे, खड्ड्याची एक बाजू बसण्याइतकी उंच बांधणे, दृष्टिहीन मुलासाठी वाटेने दोरी बांधणे, ह्या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

आणखी एक गोष्ट निःसंकोचपणे सांगावयास हवी. शाळेचे पटांगण गावातील पुष्कळदा एकमेव सुरक्षित मोकळी जागा असते, आणि नेमके शाळा सुटल्यावर तिला कुलूप लागते. नासधूस होईल ही मुख्याध्यापकांची भीती अनाठायी नाही. परंतु कुलुपाबाहेर राहिलेली मुले घरी बसत नाहीत. ती रस्त्यावर व विहिरीकाठी जातात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांच्यातून पाळीपाळीने दोन व्यक्तींनी सायंकाळचे दोन तास पटांगण सांभाळण्याचा ठराव समितीने करावा व किल्लीची जबाबदारी लेखी नोंदवावी.

गायरान अथवा गावठाणातील मोकळी जागा ह्या कामी मिळत असेल, तर तिची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी करवून घ्यावी व ग्रामसभेत ठराव संमत करवावा. गावाच्या सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या खटल्यात 28 जानेवारी 2011 रोजी सर्व राज्यांना दिला आहे. नोंद नसलेली मोकळी जागा फार काळ मोकळी राहत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

नियमित पाहणी

दर सोमवारी शाळा भरण्यापूर्वी एका शिक्षकाने क्रीडास्थानाची फेरी करावी. काच, खिळे, सैल झालेले नटबोल्ट, झिजलेली साखळी, कुजलेली फांदी, वाळूची खोली व कुंपण पाहून एका वहीत तारीखवार नोंद करावी. दोष आढळल्यास ते साधन तत्काळ बंद ठेवावे. दुरुस्तीचे पत्र नंतर पाठवावे. प्रथमोपचाराची पेटी व नजीकच्या आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक वर्गात दर्शनी लावावा.

क्रीडास्थान चांगले झाले की नाही, हे उद्घाटनाच्या फलकावरून कळत नाही. महिन्याभराने सायंकाळी तेथे जाऊन पाहावे. सर्वांत लहान मूल, सर्वांत बुजरी मुलगी आणि चालताना अडखळणारा मुलगा हे तिघेही तेथे खेळात रमलेले दिसले, तर जागेची निवड योग्य झाली असे समजावे. त्यांपैकी एकजण जरी कडेला उभा राहून पाहत असेल, तर तो का थांबला आहे ह्याचा शोध घ्यावा आणि तेथूनच पुढील सुधारणेस आरंभ करावा.