काकांचा पीसी सुसाट!

गावाकडच्या घरातला जुना डेस्कटॉप ‘आता गेला’ म्हणून भंगारात काढायचा विचार चाललाय? जरा थांबा! एक एसएसडी, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक वीकेण्ड... काम फत्ते होऊ शकतं. पण त्याआधी एक गोष्ट करायची असते आणि नेमकी तीच आपण विसरतो.

‘‘पोरी, गेला बघ हा आता.’’

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघताना काकांचा फोन. आवाज एकदम पडलेला. माझ्या छातीत धस्स झालं. कोण गेलं? दोन सेकंदांनी कळलं, की काका त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल बोलतायत. हुश्श!

पण काकांच्या दृष्टीने प्रकरण गंभीरच होतं. आळेफाट्यावर त्यांचं छोटंसं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, दशक्रिया विधीच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, ऑनलाइन फॉर्म असं सगळं. हा सगळा डोलारा २०१४ साली घेतलेल्या एका डेस्कटॉपवर उभा. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबायचं, शेजारच्या टपरीवर चहा प्यायचा, परत यायचं, तरी तो ‘वेलकम’वरच! खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश अंतराळातले रेडिओ सिग्नल टिपतात आणि त्याच जुन्नर तालुक्यात आमच्या काकांना लग्नपत्रिकेची एक फाइल उघडायला पाच मिनिटं लागतात. घ्या!

एका दुकानदाराने त्यांना सांगून टाकलं होतं, ‘मशीनच बाद झालंय, नवीन घ्या.’ हातात चाळीसेक हजारांचं कोटेशन. लग्नसराई तोंडावर, म्हणून काका कर्ज काढायच्या बेतात होते.

‘‘काका, सोमवारपर्यंत सही करू नका. मी येतेय,’’ म्हटलं. शनिवारी सकाळी नाशिक फाट्यावरून एसटी पकडली. चाकण, मंचर, नारायणगाव करत आळेफाटा.

नेमकं दुखतंय कुठे?

डॉक्टरकडे गेल्यावर थेट ऑपरेशन नाही करत. आधी तपासणी. पीसी सुरू झाल्यावर कण्ट्रोल, शिफ्ट, एस्केप अशी तीन बटणं एकत्र दाबली, की टास्क मॅनेजर उघडतो. प्रोसेसर १० टक्के, मेमरी ठीकठाक आणि डिस्क मात्र १०० टक्के! म्हणजे मेंदू रिकामा बसलाय, हातपाय थकलेत.

हे असं का होतं? हार्ड डिस्क ही तबकडी. साध्या डेस्कटॉपमधली तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते आणि वाचणारी सुई हवं ते पान शोधत तिच्यावर मागे-पुढे पळते. दर वेळी सुई जागेवर न्यायला आठ-नऊ मिलिसेकंद, त्यावर तबकडी फिरून ती जागा सुईखाली यायला सरासरी चार. म्हणजे विखुरलेले तुकडे गोळा करायचे झाले तर सेकंदाला ऐंशीच्या आसपास. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात!

आमच्या भागात घरं मळ्यामळ्यात विखुरलेली. हार्ड डिस्क म्हणजे सायकलवरून एकेका मळ्यात जाणारा पोस्टमन. एसएसडी म्हणजे सगळ्यांना एकाच वेळी लागणारा फोन. आत काही फिरतच नाही. सगळं चिपमध्ये. त्यामुळे सेकंदाला हजारो तुकडे आरामात. फण्डा क्लिअर?

ही गंमत काही कालची नाही. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या डिस्क ड्राइव्हमध्ये दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि मावायचं किती, तर पाच एमबीच्या आतबाहेर. म्हणजे आज तुमच्या मोबाइलमधला एक फोटो! एसएसडीमागची फ्लॅश मेमरी तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधली. १९९१ मध्ये सॅनडिस्कने, तेव्हाचं नाव सनडिस्क, २० एमबीची एसएसडी विकली. किंमत हजार डॉलरच्या घरात.

पिवळा दिवा

एसएसडी मी पुण्याहूनच घेऊन आले होते, सोबत बॅकअपसाठी एक बाहेरून जोडायची डिस्क. लगेच खोलायला बसणार, तेवढ्यात कानावर आलं... टक्. टक्. टक्. कॅबिनेटमधून.

हा आवाज ऐकला की बाकी सगळं बाजूला ठेवायचं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, ती ते दाखवतं. निळं म्हणजे ठणठणीत. आमचं पिवळं आलं. काही जागा खराब होऊन बदलल्या गेलेल्या, काही वाचताच येत नव्हत्या.

अशा वेळी आपण काय करतो? सरळ ‘क्लोन’ करायला घेतो, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर. चूक! क्लोनिंगमध्ये डिस्क तासन् तास राबते. आजारी डिस्क मध्येच मान टाकू शकते. म्हणून आधी जे पुन्हा मिळणार नाही ते काढून घ्यायचं. विंडोज पुन्हा टाकता येतं, काकांची डिझाइन्स येणार नाहीत.

‘‘काका, सगळ्यात महत्त्वाचं काय आहे यात?’’

मला वाटलं, म्हणतील पत्रिका. काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, ‘‘ते ‘न्यू फोल्डर ३’ आधी घे.’’

त्यात आजी होती. आजीचे फोटो आणि तिच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या. तीन क्लिप्स. काकांनी त्यांच्या जुन्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या. तो मोबाइल कधीच गेला आणि आजीलाही जाऊन आता सहा वर्षं झाली. जगात या क्लिप्सची एकच प्रत आणि ती त्या टक्-टक् करणाऱ्या डब्यात!

पहिली क्लिप आली. दुसरी आली. तिसरीची हिरवी पट्टी अर्ध्यावर येऊन थांबली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच. पाच वेळा केलं. नाही आली. फोटोंपैकीही दोन अर्धे राखाडी झालेले निघाले.

काका काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले.

आता खोला कॅबिनेट

पत्रिका, हिशेब, फॉण्ट असं सगळं बाहेरच्या डिस्कवर सुखरूप गेल्यावर मगच क्लोनला हात घातला. पुन्हा पहिल्यापासून विंडोज टाकणं जास्त स्वच्छ, हे खरं. पण काकांचं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर जुनं आणि त्याची सीडी सापडेना. त्यामुळे क्लोन करून बघणं भाग होतं. खराब जागा आड आल्या तर क्लोनिंग बंदही पडतं. आमचं नशीब चांगलं, त्या जागा विंडोजच्या वाटेत नव्हत्या. रात्रभर चाललं ते काम.

रविवारी सकाळी बसवाबसवी. तुम्हीही करू शकता, फक्त हे लक्षात ठेवा :

कोणती घ्यायची? – इतक्या जुन्या मदरबोर्डवर एम डॉट टूची खाच बहुधा नसते. मग अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची. ती सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते. नव्या एनव्हीएमई याच्या कितीतरी पट पळतात, पण तुमच्या बोर्डवर जागाच नसेल तर काय उपयोग? आणि २०२५ च्या अखेरपासून एआयच्या डेटा सेंटर्सनी चिप्सची मागणी वाढवल्याने भाव चढले, तेव्हा चार ठिकाणी विचारूनच घ्या.

पोर्ट कोणतं? – काकांच्या बोर्डवर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे, दोन ३ गिगाबिटचे. एसएसडी नेहमी ६ वर लावायची. बोर्डवर पोर्टशेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

केबल – डेटाची केबल वेगळी घ्यावी लागू शकते. वीज द्यायची पिन शिल्लक नव्हती. कोणी वापरत नसलेल्या डीव्हीडी रायटरची काढून लावली.

स्क्रू – अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची खणात सैल बसते. ब्रॅकेट मिळतं. आत काही फिरत नसल्याने दुहेरी चिकटपट्टीनेही भागतं.

पहिल्यांदा सुरू करताना – जुनी डिस्क काढून ठेवा, म्हणजे कॉम्प्युटर कोणाकडून सुरू होतोय हा गोंधळच नको. बायोसमध्ये साटा मोड एएचसीआय आहे ना, हे क्लोन करायच्या आधीच बघून ठेवा.

आणि हो, आधी प्लग काढा आणि धूळ ब्रशने झाडा. फाट्यावरची दोन हायवेंची धूळ काय असते, ते त्या कॅबिनेटला विचारा!

बटण दाबलं. काका सवयीने चहाला निघाले. मी म्हटलं, ‘‘काका, मागे बघा.’’ डेस्कटॉप आलेला होता! काका चपलेत पाय घालता घालता तिथेच थांबले. ‘‘आयला!’’ बस्स, एवढंच.

एकूण खर्च? एसएसडी आणि बॅकअपची डिस्क धरूनही त्या कोटेशनच्या निम्म्यापेक्षा पुष्कळ खाली. कर्जाचा कागद फाडला.

पण... हा ‘पण’ वाचाच!

एसएसडी म्हणजे जादूची कांडी नाही. सरकारी पोर्टल हँग होत असेल तर ते हँगच होणार. ४ जीबी रॅमवर ब्राउझरचे वीस टॅब उघडले तर पुन्हा रडारड. जमलं तर ८ करा.

दुसरं, विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांना मुदतवाढ मिळाली ती ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. म्हणून आम्ही ठरवलं, की हे मशीन फक्त डिझाइनसाठी. इंटरनेटची केबल काढून टाकली. फॉर्म आणि बँकेची कामं दुसरीकडे. म्हणजे काकांना नवीन मशीन कधीतरी लागेलच, पण ते आता लग्नसराईच्या कमाईतून येईल, कर्जातून नाही.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. एसएसडी जाते तेव्हा बहुतेकदा टक्-टक् करून सांगत नाही. चुपचाप जाते. तिच्यावरून डिलीट झालेली फाइल परत मिळणं हार्ड डिस्कपेक्षाही अवघड. ती वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात पडून राहिली तरी त्यातलं पुसट होऊ शकतं. तेव्हा वेगासाठी एसएसडी आणि आठवणींसाठी बॅकअप. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

तिसरी ओवी

दुपारी जेवताना आत्याला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘‘कुठली नाही आली? माहेरच्या वाटेची? ती मला येते की.’’ आणि तव्यावरची भाकरी उलटत म्हणायला लागली. काका ताटावर बसून ऐकत होते. मी खरकट्या हाताने मोबाइल चालू केला.

ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं वारकरी मानतात, त्या रेड्याची समाधी आमच्या आळ्यात आहे. निघताना तिथे पाया पडले. वेदसुद्धा शेकडो वर्षं टिकले ते एकाच्या नव्हे, अनेकांच्या तोंडी होते म्हणूनच ना?

आता आजीच्या दोन आणि आत्याची एक अशा तीन ओव्या काकांच्या एसएसडीवर आहेत, बाहेरच्या डिस्कवर आहेत आणि पुण्यात माझ्याकडे आहेत. फोल्डरचं नावही बदललं. ‘न्यू फोल्डर ३’ नाही, ‘आई’.

तुमच्या घरातला ‘न्यू फोल्डर’ कुठे आहे? या वीकेण्डला गावी फोन करून विचाराच!