‘डोळ्यांवर उजेड येणे’ : घरगुती दिव्यांच्या झगझगाटाविषयी

ऐरोली येथे सिडकोने आखलेल्या वसाहतीतील लहान घरांत पुष्कळदा एका खोलीस एकच दिवा असतो, आणि तोही समोरच्या भिंतीवर, बसणाऱ्याच्या दृष्टीच्या टप्प्यात. घरातील वृद्ध मंडळी ‘डोळ्यांवर उजेड येतो’ अशी तक्रार करतात. मग कमी वॅटचा दिवा आणला जातो आणि त्यांस वर्तमानपत्र वाचता येईनासे होते. तक्रारीचा अर्थच नीट लावला गेला नाही, म्हणून उपाय चुकतो.

‘उजेड फार आहे’ असे ही मंडळी म्हणत नाहीत. ‘खोलीत उजेड’ आणि ‘डोळ्यांवर उजेड’ ह्यांत नाम तेच आहे. बदलते ते अधिकरण. तक्रार प्रकाशाच्या परिमाणाविषयी नसून स्थानाविषयी आहे. ‘डोळे दिपणे’ हा प्रयोग ह्याहून निराळा. संस्कृत ‘दीप्’ धातूचा अर्थ प्रकाशणे. मराठीत मात्र प्रकाशापुढे हतबल होणारे डोळे ‘दिपतात’. बोलणाऱ्याच्या मनात हा भेद काटेकोर असतो असे नव्हे. परंतु प्रकाशशास्त्रही झगझगाटाचे दोन प्रकार मानते.

पहिला प्रकार डोळ्यांस केवळ त्रास देणारा. दिव्याच्या पृष्ठाची तेजस्विता आणि भोवतालचा काळोख ह्यांतील विरोधामुळे तो जाणवतो. तेवढाच प्रकाश मोठ्या पृष्ठावर पसरला की तेजस्विता घटते. ६ सेंटिमीटर व्यासाच्या दिव्याभोवती ३० सेंटिमीटर व्यासाचा कागदी गोल लावल्यास दिसणारे क्षेत्र २५ पट होते व तेजस्विता सुमारे पंचविसाव्या हिश्शावर येते. कागद काही प्रकाश शोषतो, म्हणून किंचित आणखी खाली. आपला आकाशकंदील दुसरे काय करतो? दिवाळी सरताच तो माळ्यावर टाकण्याची आपल्याला एवढी घाई का असते, हे मला उमगलेले नाही. मार्व्हिन पिपकिन ह्यांच्या प्रयत्नांतून १९२५ मध्ये बाजारात आलेला, आतून दुधी केलेल्या काचेचा दिवा ह्याच तत्त्वावर आधारलेला होता. एलईडी दिव्याची पांढरी टोपीही तेच करते, पण ती आकाराने लहान पडते.

दुसरा प्रकार दृष्टीच क्षीण करणारा. डोळ्यात शिरलेला प्रकाश आत विखुरतो व दृश्यावर पातळ पडदा धरतो. मोतीबिंदू असल्यास तो अधिकच दाट होतो. येथे कागदी गोलाचा फारसा उपयोग नाही, कारण डोळ्यापर्यंत पोहोचणारा एकूण प्रकाश त्याने थोडाच कमी होतो. येथे महत्त्व आहे ते कोनाला. दृष्टिरेषेपासून दिव्याचे कोनीय अंतर दुप्पट केल्यास हा पडदा सुमारे एकचतुर्थांश उरतो. तेव्हा वृद्धांसाठी दिवा बदलण्यापेक्षा तो हलवावा : वाचणाऱ्याच्या पाठीमागे, खांद्यावरून उजेड पडेल असा. ते शक्य नसेल तर अपारदर्शक आडोसा लावून प्रकाश पांढऱ्या छतावर टाकावा. वॅट कमी करण्याचे कारण दोहोंतही उरत नाही.

आच्छादन करताना मात्र कंदील वर-खाली उघडा ठेवावा. बंद गोलात कोंडलेल्या एलईडी दिव्याचे आतील भाग उष्णतेने लवकर निकामी होतात. आणि घरात अजून जुना तारेचा दिवा असेल, तर त्याला कागद मुळीच टेकू देऊ नये.