कार्डाचा रंग आता आड येत नाही
2012 साली महाराष्ट्रातल्या 8 जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पात्रता रेशनकार्डाच्या रंगावर ठरायची. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत मोफत उपचार. केशरीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1 लाख. त्याहून थोडं जास्त कमावणारा रिक्षावाला बाहेरच!

आज तीच योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पांढरं कार्डही चालतं आणि संरक्षण 5 लाखांपर्यंत गेलं आहे. फार मोलाचा बदल!

मात्र आजार योजनेच्या यादीत हवा, रुग्णालय अंगीकृत हवं. तिथे ‘आरोग्यमित्र’ असतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र पाहून तो नोंदणी करून देतो. धावपळीत हेच राहून जातं, म्हणून रुग्णाला दाखल करतानाच त्याला गाठा.