अंतरपाट आपला, नाणी निशापूरची

पारशी लग्न सूर्यास्तानंतर लागतं, हे माहीत असूनही आमची गँग उशिराच पोहोचली. वर्गमैत्रिणीच्या मोठ्या भावाचं लग्न, चर्नी रोडच्या ऑलब्लेस बागेत. अग्यारीत आम्हा परजातांना प्रवेश नसतो. बागेत मात्र सगळं स्टेजवर चालतं, त्यामुळे पुढच्या रांगेत खुर्च्या पकडून बसलो.

मला वाटलं होतं, काहीतरी एकदम परकं, इराणी बघायला मिळणार. तर नवरीच्या आईने ताट आणलं आणि नवरदेवावरून अंडं सात वेळा ओवाळून फोडलं. मग नारळ. याला ‘अचू-मिचू’ म्हणतात. अंडं इराणी लग्नातही मांडलेलं असतं, पण नारळ इराणात कुठून येणार? तो इथलाच. चार दिवस आधी तिच्या घरी कुंडीत आंब्याची डहाळी रोवली होती, तिला म्हणे ‘मांडवसरो’. आपली मुहूर्तमेढच की!

पुढे तर मी शेजारणीला कोपरानेच ढोसलं. दोघांना समोरासमोर बसवून मधे पांढरं कापड धरलं होतं. चक्क अंतरपाट! त्यांच्याकडे ‘आरा-अंतर’. कापडाखालून उजवे हात एकमेकांच्या हातात आणि भोवती सुताचे सात फेरे. डाव्या मुठीत तांदूळ. कापड हटलं रे हटलं की जो आधी तांदूळ फेकेल, त्याचं घरात चालणार. नवरीने असा नेम धरला की नवऱ्याचा चष्माच घसरला. अख्खी बाग टाळ्या पिटत होती.

आजच्या इराणमधल्या लग्नातही कापड असतं, पण ते जोडप्याच्या मधे नाही, डोक्यावर धरतात. समोर आरसा आणि शमादान मांडलेले असतात आणि घरातल्या बायका त्या कापडावर साखरेचे दोन सुळके एकमेकांवर घासतात. संसार गोड व्हावा म्हणून. नवरीला होकार विचारला की पहिल्यांदा ती गप्प. मैत्रिणी ओरडतात, ‘ती फुलं वेचायला गेलीय!’ तिसऱ्या वेळी ती ‘बले’ म्हणते. मूळ मुलूख एकच, पण हजारेक वर्षांत लग्नं अशी वेगळी झाली.

कारण पारशी इथे आले आणि इथले झाले. ‘किस्सा-ए-संजान’ हे त्यांच्या आगमनाचं काव्य सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलं गेलं, म्हणजे घटनेनंतर कित्येक शतकांनी. तेव्हा इतिहास किती आणि गोष्ट किती, हे ज्याने त्याने ठरवावं. त्यात राजा आश्रय देताना अटी घालतो. इथली भाषा बोला, बायकांनी इथला पोशाख घाला, आणि लग्नाची वरात संध्याकाळनंतर काढा. नवरीची पांढरी साडी आणि आम्हाला झालेला उशीर, दोन्हीचं मूळ तिथे असं मानतात.

मग दोन दस्तूर उभे राहिले आणि तांदूळ टाकत आशीर्वाद म्हणू लागले. भाषा पाझंद, आम्हाला ओ की ठो कळलं नाही. मैत्रिणीने कानात सांगितलं की यात साक्षीदारांना अजूनही निशापूरच्या चांदीच्या दोन हजार दिऱ्हम आणि सोन्याच्या दोन दिनारांबद्दल विचारतात. निशापूर आहे इराणच्या ईशान्येला, आणि ती नाणी कधीच इतिहासजमा झाली. याच आशीर्वादाचा संस्कृत पाठही आहे. किती भारी!

‘जमवा चालो जी’ची हाक आल्यावर केळीच्या पानावर पात्रानी मच्छी, सुकामेव्याचं गोड लोणचं आणि शेवटी थेट इंग्रजांकडून आलेलं कस्टर्ड. याबद्दल जास्त लिहिलं तर पुन्हा भूक लागेल.

जेवताना मैत्रीण जरा गप्प होती. तिचा बॉयफ्रेंड ठाण्याचा, मराठी. ‘दादाने मराठी मुलगी आणली असती ना, तरी त्याच्या मुलांची नवजोत झाली असती,’ ती म्हणाली. ‘माझ्या मुलांचं तसं नाही.’

हे मी नंतर शोधलं. १९०३ मध्ये रतनजी दादाभॉय टाटांनी फ्रेंच सुझानशी पारशी पद्धतीने लग्न केलं. जेआरडी त्यांचेच चिरंजीव. त्यावरून वाद कोर्टात गेला. १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पारशी वडिलांच्या मुलांना पारशी मानलं, आईचा विषय तसाच राहिला. १९३६ च्या पारशी विवाह कायद्यात दोघंही पारशी लागतात, म्हणून बाहेर लग्न करणाऱ्यांसाठी उरतो १९५४ चा विशेष विवाह कायदा. त्याखाली लग्न केलेल्या पारशी स्त्रीचा धर्म नवऱ्याचाच धरायचा, असं गुजरात उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. समाज लहान होतोय, ही भीती खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत देशभरात पारशी होते ५७,२६४. त्याआधीच्या जनगणनेत जवळपास सत्तर हजार. पण ज्या लग्नाने आपला नारळ, आपला आंबा, आपला अंतरपाट सामावून घेतला, त्यात आपल्याकडचा जावई तेवढा का बसू नये, हे काही मला पटलं नाही.

तिचं ठरलंय. परीक्षा, मग नोकरी, मग विवाह नोंदणी कार्यालयात तीस दिवसांची नोटीस. आजीला अजून सांगितलेलं नाही. पण आजीच्या कपाटात आरा-अंतरचं जुनं कापड आहे, ते तिने आत्ताच हेरून ठेवलंय. एक टोक तिचा दादा धरणार आहे.